सॅमनला गळ टाकणारे सगळे कसाई? मग बोलूच

क्रेडिटकाठचा
परवा आपल्या ग्रुपवर एका ताईंनी इथल्या, कॅनडातल्या पोर्ट होपच्या कॉर्बेट धरणावरचा व्हिडिओ टाकला. सॅमन उड्या मारतायत, पोरं टाळ्या पिटतायत, सगळं छान. खाली मात्र ओळी अशा: "बाळंतपणाला माहेरी निघालेल्या या मुक्या जिवांना गळ टाकणारे आपलेच मराठी लोक पाहून मान खाली गेली. एवढी भूक आहे का? बघा, हात जोडा आणि घरी जा." त्यावर बदामांचा आणि रडक्या चेहऱ्यांचा पाऊस. त्या "आपल्याच" लोकांतला मीही एक. म्हणून जरा लांबण लावतो.

आधी माहेराचं बघू. हा मासा चिनूक जातीचा सॅमन. त्याचं माहेर पॅसिफिकच्या बाजूला. लेक ऑन्टारिओचा स्वतःचा सॅमन होता तो अटलांटिक, आणि तो १८९८ च्या सुमारास संपला. ओढ्याओढ्यावर गिरण्यांचे बांध घातले, काठची जंगलं तोडली, उरलासुरला मासा भाल्यांनी आणि जाळ्यांनी उपसला. पुढे लॅम्प्रे या रक्त शोषणाऱ्या माशाने लेक ट्राउटची वाट लावली, खाणारं कोणी उरलं नाही म्हणून एलवाइफ नावाचा छोटा मासा माजला. मग १९६० च्या दशकाच्या अखेरीस सरकारांनी पश्चिमेचे कोहो आणि चिनूक आणून तळ्यात सोडले, एलवाइफ खायला आणि गळवाल्यांना खेळायला. हे लपूनछपून झालेलं नाही. आजही दर ऑक्टोबरात स्ट्रीट्सविलला क्रेडिट नदीत सरकारी माणसं हेच मासे धरतात आणि पोटातून अंडी पिळून हॅचरीत नेतात. त्यांना कोणी कसाई म्हटलेलं ऐकलं नाही.

दुसरं, चिनूक वीण झाली की मरतो. नदीत शिरला की खाणं बंद, अंगावरच्या चरबीवर चढतो, शेपटी झिजते, अंगावर पांढरी बुरशी येते. मी गळ टाकला नाही म्हणून तो काही चिरंजीव होत नाही.

तिसरं, नियम. खरी वीण होते ते बहुतेक ओढ्यांचे वरचे भाग ३० सप्टेंबरनंतर बंद, ते थेट एप्रिलच्या चौथ्या शनिवारी उघडतात. ऑक्टोबरात आम्ही उभे असतो ते खालच्या, ठरवून दिलेल्या पट्ट्यांत. धरणाला माशांना चढायला केलेल्या शिडीच्या आसपास गळ टाकायला बंदीच आहे. आमच्या लायसन्सचे पैसे मासे आणि वन्यजीवांच्या कामालाच जातात. हात जोडण्याचे कुठे जातात?

आणि बघ्यांचं काय? थँक्सगिव्हिंगच्या लाँग वीकेंडला टोरांटोत हंबर नदीवर ओल्ड मिलला जाऊन या. कुत्री पाण्यात, पोरं माशांवर दगड मारतायत, आणि एक काका सेल्फीसाठी पँट वर करून थेट रेडवर. मादी शेपटीने खडी उकरून अंडी पुरते ती ही जागा. वरून पाय पडला की खाली चेंदा. माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. तिथे कोणाची मान खाली जात नाही, कारण काकांच्या हातात गळ नव्हता, फोन होता.

निळीशाई
ती ताई मीच. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं.

"मरणारच आहे" हा युक्तिवाद चालत असेल तर तो कुठवर न्यायचा तेही सांगा. त्या माशाने समुद्राएवढ्या तळ्यात तीन-चार वर्षं काढली, आता एकच काम बाकी आहे, आणि तेवढ्यात तुम्हाला खेळायचंय. बांध घालणाऱ्यांचा इतिहास तुम्ही ऐटीत सांगितलात. त्यांनीही असंच म्हटलं असेल, भरपूर आहेत, काय फरक पडतो.

हे लिहिलं का, तेही सांगते. मुलीला सॅमन दाखवायला नेलं होतं. काठावर माझ्या हाताएवढी लांब मादी पडलेली, पोट चिरलेलं, अंडी काढून घेतलेली, मासा तसाच टाकलेला. माश्या बसल्या होत्या. पुढे आणखी एक, मग आणखी. पोरगी विचारत होती, आई, खायचा नव्हता तर मारला कशाला? काय सांगायचं होतं, एलवाइफ माजला होता?

क्रेडिटकाठचा
ते चोर आहेत, गळवाले नाहीत. खाण्याजोगा मासा वाया घालवणं गुन्हा, हौशी लायसन्सवर धरलेल्याची अंडी विकणं गुन्हा, मुद्दाम पाठीत-पोटात आकडा रुतवून ओढणं गुन्हा. तिथल्या तिथे मंत्रालयाच्या टिप लाइनला फोन करायचा. मी केलेत. तुम्ही केलात, की व्हिडिओच केलात?

निळीशाई
मुलगी रडत होती हो. सुचलं नाही. तुमच्यासारखं दगडाचं काळीज नाही आमचं.

तळ्यातला
दोघांनी जरा दम घ्या.

क्रेडिटकाठचा, सरकारी मासा हे अर्धसत्य आहे. लेक ऑन्टारिओतले निम्म्याच्या आसपास चिनूक आता हॅचरीतले नाहीत, नदीतच जन्मलेले आहेत. गनरास्कासारख्या नद्यांत पिढ्यान्‌पिढ्या वीण चाललीय. पन्नास वर्षं इथे नांदलेल्याला परका म्हणायचं तर आपण कोण, याचाही विचार व्हावा.

शिवाय त्याच पाण्यात त्याच वेळी ब्राऊन ट्राउट चढतो. तो आणि स्टीलहेड (तळ्यातून नदीत चढणारा रेनबो ट्राउट) वीण झाली की मरतीलच असं नाही, परत तळ्यात जातात आणि पुन्हा येतात. तुमचा "मरणारच आहे" त्यांना लागू नाही. आणि ज्या अटलांटिकबद्दल हळहळलात, त्याला परत वसवायचं काम २००६ पासून चालू आहे, तुमच्याच क्रेडिटवर. गळाला लागलेला मासा चिनूक, ब्राऊन की अटलांटिक हे काठावरच्या कितीजणांना ओळखता येतं? मला विचाराल तर फार थोड्यांना.

ताई, तुम्हालाही एक. गळ पूर्ण बंद केले तर मासे आबादीआबाद होतात असं नाही. लेक ह्युरॉनमध्ये २००३-०४ च्या सुमारास एलवाइफ कोसळला आणि पाठोपाठ चिनूक कोसळला. गळांमुळे नव्हे, खायलाच उरलं नाही म्हणून.

क्रेडिटकाठचा
ब्राऊनचं मान्य. स्टीलहेड मुख्यतः वसंतात वीण घालतो, तो धाग्याच्या बाहेर. बाकी परकेपणावरचं प्रवचन ठीकठाक.

व्हँकुव्हरी
तुमचे हॅचरीतले मासे आणि तुमची भांडणं. एकदा आमच्या ब्रिटिश कोलंबियात ॲडम्स नदीवर या. दर चार वर्षांनी सॉकाय सॅमनचा मोठा जथा येतो, २०२२ ला आला होता, आता २०२६. नदी लाल होते म्हणजे खरोखर लाल. बघायला फलाट बांधलेत, पाण्यात कोणी उतरत नाही. इथे तो खरंच माहेरी येतो, आणि मेला की अस्वलं, गरुड, काठची झाडंसुद्धा त्यावर जगतात. तुमच्याकडे मेला की त्याच्या अंगातलं पीसीबी, ते विषारी रसायन, ओढ्यात.

क्रेडिटकाठचा
आले पश्चिमेचे. तुमच्याकडे सॅमनला गळ टाकत नाहीत वाटतं? पीसीबीचं मात्र खरं आहे, मोठा चिनूक लहान मुलांनी आणि गरोदर बायकांनी किती खावा याची सरकारी मार्गदर्शिकाच आहे.

उरणचा_बाळ्या
मला एक कळत नाही. गाभण मासा खाल्ला म्हणून आपली माणसं कधीपासून रडायला लागली? जूनमध्ये पहिला पाऊस पडला की आमच्या उरण-पनवेलच्या खाडीत चिवणी येते. पोटात गाबोळी, म्हणजे अंडी, ठासून भरलेली. बाजारात गाबोळीवाली चिवणी आहे म्हटलं की झुंबड. त्यात चिंच, आगळ, काय हवं ते. ताई, तुमच्या घरी कोणी ते कालवण खाल्लं असेल तर चौकशी करा आणि आधी त्यांची मान खाली घालायला लावा.

निळीशाई
माझ्या घरी मासे होत नाहीत. मी सदाशिव पेठेतली.

उरणचा_बाळ्या
तेच म्हटलं.

शाकाहारी_साताऱ्याचा
म्हणूनच म्हणतो, डाळभात.

क्रेडिटकाठचा
नको. तुम्ही नको.

मालवणी_तिरफळ
चढणीचे मासे खाल्लेत काय कोणी? पहिलो पाऊस जोरात लागलो की रात्री बॅटरी आणि कोयतो घेऊन आम्ही शेतात. व्हाळातून मासे मळ्यात चढतत, गुडघाभर पाण्यात सळसळतत. आजोबा पुढे, आम्ही मागे. वर्षभर जी मजा नाही ती त्या रात्री. सकाळी आई तिरफळा घालून कालवण करी. तेव्हा कोणी म्हणलां नाही, मासो बाळंत होऊचो हा. नाही लिवूचा म्हणून गप्प होतंय.

रोह्याची_मी
मी म्हणते. आणि मी मासे खाणारी आहे, त्यामुळे सदाशिव पेठ म्हणून गप्प करता येणार नाही.

माझे वडील कुंडलिकेच्या काठी वाढले. वलगणीला, म्हणजे पहिल्या पावसात मासे चढायला लागले की, खोयन हा सापळा लावायचे आणि सकाळी ते दोघांना उचलावं लागायचं. माझ्या वाट्याला आलं तेव्हा तळाशी चार शेंगट्या. माझ्या भाच्याला वलगण हा प्रकार फक्त रीलमध्ये माहीत. हा मासा गेला कुठे? चढतानाच धरला, अंड्यांसकट. ओढ्याच्या तोंडाला पूर्ण आडवं जाळं लावलं, वर एक जाऊ दिला नाही. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी का असते? मासे वितात म्हणून. मग त्याच दोन महिन्यांत ओढ्यात, शेतात, खाडीच्या तोंडाशी आपण सण साजरा करायचा, आणि त्याला संस्कृती म्हणायचं?

मालवणी_तिरफळ
आता यांका आमची संस्कृती खटकली. ताई, कोयत्याने दहा-वीस मासे मारून नदी रिकामी होत नाय. नदी रिकामी कोणी केली ती सांगतंय. ब्लीचिंग पावडर ओतून डोहच्या डोह उलटे करणारे. करंट लावणारे. वरचे बंधारे, ज्यांका माशांसाठी वाट ठेवूक कोणाक सुचली नाय. आणि कारखान्यांचा पाणी. आमच्या आजोबांच्या कोयत्याक फासावर चढवू नका.

रोह्याची_मी
कारखान्यांचं मला सांगू नका, नदीला फेस येतो तो मी खिडकीतून पाहिलाय. पण प्रत्येकाचं हेच. तुम्ही म्हणाल कारखाना, कारखानेवाले म्हणणार गावकरी, आणि सगळे मिळून जूनमध्ये गाबोळी तळणार.

उरणचा_बाळ्या
गाबोळी तळतात हे मात्र बरोबर. 😋

रोह्याची_मी
हसा. चिवणीचा आजचा भाव विचारा आणि मग हसा.

तळ्यातला
भरकटलंय, पण इथे मुद्दा आहे म्हणून लिहितो. ऑन्टारिओत वरचा पट्टा बंद, खालचा उघडा, शिडीजवळ मनाई. गोड्या पाण्यात आपल्याकडे हे काम देवाने केलं. महाडजवळ वाळणकोंडला वरदायिनीचा डोह आहे, वाड्याजवळ वैतरणेवर तिळसे आहे. तिथल्या महाशीरला कोणी हात लावत नाही, लोक उलट खाऊ घालतात. कायद्याची पाटी नाही, गेम वॉर्डन नाही.

मालवणी_तिरफळ
डोहातल्या माशाक देव राखता. डोहाबाहेर इलो मगे?

तळ्यातला
मग तुमचा कोयता.

मालवणी_तिरफळ
अरे परत कोयतो! मिया सिंधुदुर्गातलो, तिळसेक कधी गेलंय पण नाय!

निळीशाई
माझ्या पोस्टवरून एवढं रामायण होईल असं वाटलं नव्हतं. रोह्याच्या ताईंचं पटलं. त्या खातात आणि तरी म्हणतात, चढणीला थोडं थांबा. तेवढंच मी म्हटलं होतं.

क्रेडिटकाठचा
नाही, तुम्ही कसाई म्हटलं नाहीत फक्त, बाकी सगळं म्हटलंत. वर मजकूर दिलाय.

आणि सोईस्कर फरक विसरू नका. कुंडलिकेची शेंगटी तिथलीच आहे, ती गेली की गेली. चिनूक कमी पडला तर पुढल्या वसंतात हॅचरीचा ट्रक येतो.

रोह्याची_मी
ट्रक येतो म्हणून वाट्टेल तसं वागायचं, हाच तर रोग आहे. आमच्याकडेही धरणात कटला-रोहूचं बीज सोडतात आणि म्हणतात, मासे आहेत की.

क्रेडिटकाठचा
बरं बाई. ऑक्टोबर उजाडला की अंड्यांवर बसलेली जोडी दिसली तर तिथे गळ टाकत नाही. आधीही टाकत नव्हतो, पण तुमच्या समाधानासाठी लिहून देतो. त्या बदल्यात निळीशाईंनी पुढचा व्हिडिओ टाकताना "पाण्यात उतरू नका, कुत्र्याला दोरी लावा" एवढं वर लिहावं. हात जोडण्याच्या आधी.

निळीशाई
लिहीन. "गळवाल्यांनीही" असं जोडून लिहीन.

नवीनच_आलोय
सगळं वाचलं नाही. सासरे महाराष्ट्रातून आलेत, वय ६५ च्या वर. त्यांना लायसन्स लागत नाही ना? या रविवारी न्यायचंय.

क्रेडिटकाठचा
लागतं! ती सूट कॅनडात राहणाऱ्यांना. परदेशी पाहुण्यांना ६५ उलटली तरी परदेशी रहिवाशाचं लायसन्स काढावंच लागतं. आणि नदीतला काळा पडलेला चिनूक घरी नेऊ नका. मांस मऊ पडलेलं असतं, आगळ घाला नाहीतर तिरफळ. आमच्याकडे एकदा केलं होतं, बायको अजून बोलून दाखवते.

मालवणी_तिरफळ
तिरफळाक नाव ठेवू नकात.

उरणचा_बाळ्या
ते राहू दे. ब्रॅम्प्टनमध्ये फ्रोझन चिवणी कुठे मिळते, गाबोळीसकट? रोह्याच्या ताईंनी वाचू नये.

रोह्याची_मी
वाचलं. आणि मिळत नाही, मी शोधून बसलेय.