जॉ क्रशरची टॉगल प्लेट सारखी तुटतेय

खाणकरी: आमच्या खडी क्रशरवर काळा दगड चालतो, टॉगल प्लेट (हलत्या जबड्याला मागून टेकू देणारी पट्टी) परत परत तुटतेय. मालक म्हणतो जाड प्लेट बसव, बसवू का?

मेस्त्री: अजिबात नको दादा! ती प्लेट मुद्दाम कच्ची ठेवलेली असते, जॉमध्ये, म्हणजे जबड्यात, पोकलेनचा दात-बित गेला की ती तुटते आणि पिटमन (हलता जबडा धरणारा भाग), शाफ्ट वाचतो. आधी टेन्शन रॉडची (प्लेट जागेवर दाबून ठेवणारा दांडा) स्प्रिंग बघा, ढिली असेल तर प्लेट खडखड आवाज करते आणि सीटवर, म्हणजे ती टेकते त्या जागेवर, आपटून तुटते.

सातारकर: आणि दगड अडकला तर मोटर बंद, मेन स्विचला कुलूप, चावी आपल्या खिशात, फ्लायव्हील (बाजूचं जड चाक) पूर्ण थांबल्याशिवाय वर चढायचं नाही, कळकळीने सांगतोय.

खाणकरी: स्प्रिंग ढिलीच निघाली, मालकालाही दाखवली.