वेल्श ‘डबल एल’ला ‘ल्ह’ चालेल का?

चैत्रपालवी: वेल्समध्ये, कार्डिफला राहते. आमच्या हौशी गायकवृंदात १ मार्चसाठी, म्हणजे सेंट डेव्हिडच्या दिवसासाठी, ‘आर हीड अ नोस’ हे वेल्श गाणं बसवतोय. शब्द देवनागरीत उतरवून घेतलेत. ‘सगळे’ या अर्थाच्या शब्दाच्या शेवटी डबल एल आहे, तो मी ‘होल्ह’ असा लिहिला. शेजारी उभ्या राहणाऱ्या आजी म्हणाल्या, तुझा घसा वाजतोय, नुसती हवा यायला हवी. मग लिहू कसं? आणि ‘हीड अ’मध्ये तोच वाय एकदा ‘ई’ आणि एकदा ‘अ’ का?

आडवाट: आजींचं बरोबर आहे. कंठावर बोट ठेवून ‘कोल्हापूर’ म्हणा, थरथर लागते. वेल्शमध्ये ती नाही. जीभ ‘ल’च्या जागी टेकवायची आणि आवाज न करता कडेने, गालाच्या बाजूने हवा सोडायची. म्हणजे या ध्वनीला सूरच नाही. मात्रा सगळी ‘ओ’वर घ्या, हवा अगदी शेवटी. वाय एकाक्षरी शब्दात आणि शेवटच्या अक्षरात ‘ई’, त्याआधी ‘अ’. इंग्रजी ‘द’च्या जागी येणारा सुटा वाय मात्र ‘अ’च. ‘नोस’ आपल्याला सोपा, आपला ओ सरळ असतो. इंग्रज त्याचा ‘नोउस’ करतात.

पाटीपेन्सिल: ‘ल’खाली नुक्ता द्या, ल़. प्रश्न मिटला.

जुनी_वही: मराठीत नुक्ता नाही, कृपया आणू नका. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले च वेगळे, तरी आपण खूण करत नाही. ल्ह लिहा, कानाने शिका.

पाटीपेन्सिल: चारातला फरक आपल्याला घरात मिळाला. ताईंना वेल्श घरात मिळालेली नाही, त्यांना खूण लागणारच.

आडवाट: इंग्रजांना शेकडो वर्षं शेजारी राहूनही हा ध्वनी जमला नाही. लॉइड आडनावाचं फ्लॉइड झालं, शेक्सपिअरने नाटकात लुएलिन या नावाचा फ्लुएलन केला. ऐकणाऱ्याला ‘फ्ल’ वाटतं ते या हवेमुळेच.

जुनी_वही: आणि फ्लॉइड आज रूढ आहे! वापरात आलं की शब्द आपला.

चैत्रपालवी: आडनावाचं ठीक आहे, पण त्यांचं गाणं त्यांच्यासमोर म्हणायचंय. तिथे मला फ्लॉइड नको.

रानजाई: ‘नोस’ म्हणजे रात्र ना? ही आपली निशाच!

आडवाट: निशेपेक्षा संस्कृत ‘नक्तम्’ जवळचं, अर्थ रात्रीच. नोस आणि नक्तम् एकाच मुळातले. ताऱ्यांना वेल्शमध्ये ‘सेर’ म्हणतात, तेही आपल्या ‘तारा’चं नातलग.

रानजाई: म्हणजे नक्तातलं नक्त! माझी आजी श्रावणी सोमवारी नक्त करायची, दिवसभर उपास आणि दिवेलागणीला पान वाढायचं.

जुनी_वही: दिवेलागणीला? आमच्याकडे चांदणी दिसल्याशिवाय नक्त सुटत नसे.

रानजाई: आमच्याकडे कधीच चांदणीची वाट पाहिली नाही. कोकणातली पद्धत सांगताय की देशावरची?

चैत्रपालवी: रविवारी तालीम आहे. ‘होल’ लिहून शेवटच्या ल भोवती पेन्सिलीने गोल केलाय.

जुनी_वही: देशावरची. आणि नक्ताला भगरच, भात नाही.