टी. सी. विल्यम्सचा १९७१ चा अजिंक्य हंगाम : श्रेय कशाचे?

प्रश्न
व्हर्जिनियातील अलेक्झांड्रिया शहराच्या टी. सी. विल्यम्स हायस्कूलच्या टायटन्स संघाने १९७१ साली तेराही सामने जिंकून अमेरिकन फुटबॉलचे राज्य अजिंक्यपद पटकावले. या हंगामाविषयी लिहिताना गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या एकजुटीवरच सारा भर दिला जातो. माझी शंका खेळापुरती आहे. केवळ एकजुटीच्या बळावर एखादा संघ इतका वरचढ ठरू शकतो का?

उत्तर १
एकजूट होतीच, पण त्याआधी शाळांची पुनर्रचना पाहावी लागेल. त्या वर्षी शहराने जॉर्ज वॉशिंग्टन आणि फ्रान्सिस हॅमंड या शाळांत नववी-दहावीचे वर्ग ठेवले आणि अकरावी-बारावीचे सर्व विद्यार्थी टी. सी. विल्यम्समध्ये आणले, त्यामुळे तोवर परस्परांचे प्रतिस्पर्धी असलेल्या तीन शाळांतील थोराड, अनुभवी खेळाडू एकाच प्रशिक्षकाच्या हाती आले. एवढ्या मुलांमधून निवड करायला मिळाल्यावर संघ प्रबळ झाला नसता तरच नवल. रोआनोक येथील अंतिम सामन्यात त्यांनी अँड्र्यू लुइस हायस्कूलचा २७-० असा धुव्वा उडवला. खरी झुंज आधीच, मार्शल हायस्कूलविरुद्ध २१-१६ अशी झाली होती. या हंगामावर बेतलेल्या २००० सालच्या ‘रिमेंबर द टायटन्स’ या चित्रपटाने थरारासाठी मार्शललाच अंतिम फेरीत नेऊन बसवले.

उत्तर २
वरील मुद्दा मान्य आहे, परंतु तो अपुरा वाटतो. तीन शाळांचे खेळाडू एकत्र आले की कालपर्यंत ज्याची जागा पक्की होती, अशा कित्येकांना राखीव बसावे लागते, आणि त्या असंतोषाला वर्णाचा रंग चढायला वेळ लागत नाही. मुख्य प्रशिक्षकपदी कृष्णवर्णीय हर्मन बून यांची नेमणूक झाली, तेव्हा हॅमंडचे लोकप्रिय प्रशिक्षक बिल योस्ट यांनी दुय्यम पद स्वीकारून बचावाची बाजू सांभाळली. माझ्या मते हंगामाचा कणा हाच निर्णय होता, कारण योस्ट निघून गेले असते तर त्यांना मानणारी मुले कितपत टिकली असती, याची शंकाच आहे.

उत्तर ३
एक पुरवणी. प्रतिस्पर्धी संघ केवळ गोऱ्या मुलांचे होते, हा समजही चित्रपटामुळेच पसरला. प्रत्यक्षात त्या शाळांतही दोन्ही वर्णांची मुले एकत्र खेळत होती. तसेच कर्णधार गेरी बर्टियर अंतिम सामना खेळला होता. त्याला अपंगत्व आणणारा मोटार अपघात हंगाम संपल्यावर, डिसेंबरमध्ये झाला.