मदत हवी आहे: सेप्सिस आहे, पण ताप नाही, अंग गार
आई ७४ वर्षांची, मधुमेही. लघवीचा संसर्ग रक्तात पसरला, तीन दिवस आयसीयूत आहे. अंग तापाने फणफणेल वाटलं होतं, पण तापमान ९४.६ फॅरनहाइट! डॉक्टर म्हणाले, वयस्कर माणसांत असं होतं आणि ते तापापेक्षाही काळजीचं. गरम हवेचं ब्लँकेट लावलंय, पण ऊब हळूहळूच देताहेत. एकदम दिली तर रक्तवाहिन्या सैलावून बीपी आणखी घसरू शकतो. पटलं मला. तरी तिचे गार पाय हातात घेतले की जीव कासावीस होतो. गरम पाण्याची पिशवी नेणार होते, सिस्टरांनी थांबवलं: बधिर पायांना भाजलेलं कळत नाही.

कुणाच्या घरी असं झालंय का? तापमान सावरायला किती दिवस लागले? डॉक्टरांना आणखी काय विचारू?