प्रिंटवर सही: पेन्सिल की पेन?

काजवा_३५: प्रदर्शनासाठी माझ्या फोटोंच्या १२ प्रिंट्स तयार आहेत. ७ डार्करूमच्या, फायबर (प्लॅस्टिकचा थर नसलेल्या) कागदावर. ३ इंकजेट मॅट कॉटनवर (सुती, बिनचमकीच्या कागदावर), २ चकचकीत बरायटावर (बेरियम सल्फेटचा थर असलेल्या इंकजेट कागदावर). सगळ्यांना २ सेंमी पांढरी किनार आहे. सही पुढे करू की मागे, आणि कशाने? हाताशी शार्पी (पर्मनंट मार्कर) आणि जेलपेन आहे.

हायपो: शार्पी पाकिटांवर पत्ते लिहायला ठेवा. तिची शाई द्रावकासकट कागदात पसरते, पुढे सहीचा काळा रंग विटतो आणि कडेने पिवळट वलय धरतं. पेन्सिलीतलं ग्राफाइट म्हणजे कार्बन. ते उडतही नाही, ओघळतही नाही.

फायबर प्रिंटच्या मागे साधी एचबी किंवा २बी. ४बीची भुकटी गठ्ठ्यातल्या दुसऱ्या प्रिंटला लागते, तर २एच कागदात रुतते. काचेवर स्वच्छ कोरा कागद पसरून त्यावर प्रिंट पालथी ठेवा. गठ्ठ्यावर ठेवून लिहिलंत, की खाली मऊ असल्यामुळे अक्षरं पुढून उठून येतात. सावलीच्या काळ्या भागात, तिरप्या उजेडात, फारच वाईट दिसतात. म्हणून मागेसुद्धा चित्रामागे नको, किनारीमागेच लिहा. प्रिंट बोर्डावर ड्राय माउंट करणार, म्हणजे उष्णतेने चिकटवणार असाल तर सही बोर्डावर, प्रिंटच्या खाली उजवीकडे, पेन्सिलीनेच. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्सच्या कितीतरी प्रिंट्सवर ती तशीच सापडते.

रद्दीवाला: इंकजेटचं गणित वेगळं आहे. मॅट कॉटनवर पुढच्या किनारीत पेन्सिल झकास चालते, पण टोक आधी रद्दी कागदावर थोडं बोथट करा. अणकुचीदार टोक वरचा थर खरवडतं. खोडरबर लावायचा नाही, थर निघतो आणि तिथे डाग दिसतो. चित्राच्या काळ्या भागावर ग्राफाइट चमकतं, तिथे करूच नका.

बरायटावर पेन्सिल घसरते आणि ओरखडा पाडते. तिथे पिगमेंट शाईचं (न विरघळणाऱ्या रंगकणांच्या शाईचं) पेन घ्या: पिग्मा मायक्रॉन ०५, म्हणजे ०.४५ मिमीची रेघ, किंवा युनी पिन. आधी त्याच कागदाच्या कापलेल्या पट्टीवर सही करा, २४ तासांनी कापसाने पुसून बघा. शाई निघाली तर पेन बदला. पावसाळ्यात वाळायला आणखी वेळ द्या, तोवर प्रिंटवर काहीही ठेवू नका.

काजवा_३५: आणि जेलपेन? शिवाय एका मित्राच्या प्रिंट्स आरसी (प्लॅस्टिकचा थर दिलेल्या) कागदावर आहेत.

हायपो: जेलपेनाची शाई डाय (विरघळलेला रंग) की पिगमेंट हे वेष्टनावर लिहिलेलं नसेल तर नको. आरसीची पाठ प्लॅस्टिकची, साधी पेन्सिल उमटतच नाही. स्टॅबिलो ऑल पेन्सिल चालते. पिगमेंट पेनही चालतं, पण शाई वर तरंगते आणि ओली असताना बोट लागलं की संपलं.

रद्दीवाला: एक राहिलं. आवृत्ती मर्यादित असेल तर ३/१० (दहांपैकी तिसरी) असा क्रमांक डावीकडे, सही उजवीकडे. फ्रेमच्या खिडकीवाल्या माउंटवर (चित्रापुरती चौकट कापलेल्या पुठ्ठ्यावर) केलेल्या एकट्या सहीचा भरवसा नको. माउंट बदललं की सही गेली. आणि बॉलपेन मागूनसुद्धा नको, त्याचा खळगा पुढे दिसतो.