मदत हवी आहे : घरगुती बॉल मिलमध्ये काय घालू? छर्रे, अल्युमिना की तापीच्या गारगोट्या?

राम राम मंडळी,

मी यावल तालुक्यातला. केळीचा घड कापल्यावर जे खांब बांधावर पडून राहतात ते वाळवून जाळतो आणि त्या राखेपासून मातीच्या भांड्यांची झिलई (भट्टीत वितळून बसणारा काचेसारखा लेप) करतो. या राखेत पोटॅश भरपूर असतं, त्यामुळे फेल्डस्पार (झिलईत वापरतात ते खनिज) आणि क्वार्ट्झ (म्हणजे गार) यांच्या जोडीला ती भट्टीत छान वितळते. अडतं ते दळणावर. पाट्यावर कितीही वाटलं तरी २०० मेशच्या चाळणीवर (७५ मायक्रॉन) निम्मा माल तसाच राहतो.

म्हणून बॉल मिल जुळवली, म्हणजे आत कठीण गोळे आणि माल टाकून फिरवायचा दळणाचा डबा. ६ इंची पीव्हीसी पाइपाचा २० सेंटिमीटरचा तुकडा, दोन्हीकडे घट्ट टोपणं, आत साधारण साडेतीन लिटर जागा. खाली दोन रोलर, पाव एचपीची मोटर. ४२.३ ला व्यासाच्या (मीटरमध्ये) वर्गमुळाने भागलं की १५ सेंटिमीटरच्या डब्याचा क्रिटिकल वेग मिनिटाला १०९ फेरे येतो. त्यापुढे गोळे भिंतीलाच चिकटून फिरतात, दळत नाहीत. मी पुल्या बदलून ७६ वर आणलाय. आतून गोळे कोसळल्याचा सलग खळखळाट येतो, म्हणजे वेग बरोबर असावा.

पहिल्यांदा गॅरेजातून जुन्या बेअरिंगचे छर्रे आणले. सहा तास पाण्यात दळलं. झाकण उघडलं तर पांढरी राख ओल्या सिमेंटसारखी करडी झालेली. पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक त्यात फिरवलं, तर त्यावर काळी लव उभी राहिली. तरी एक फरशी भाजून पाहिली : दुधी झिलईवर सगळीकडे तपकिरी ठिपके. फार वाईट वाटलं, कारण त्या राखेसाठी दोन गाड्या खांब जाळले होते.

आता लोखंड नको. काचेच्या गोट्या क्वार्ट्झपेक्षा मऊ, त्याच झिजतील. झिर्कोनियाचे (जड सिरॅमिकचे) गोळे खिशाला परवडत नाहीत. ९२ टक्केवाला अल्युमिना (कठीण सिरॅमिकचे गोळे) घेतला तर अर्धा डबा भरायला पावणेचार-चार किलो लागतो. मात्र तापीच्या पात्रात पांढऱ्या, गुळगुळीत गारगोट्या पडलेल्या असतात. जुन्या कारखान्यांत झिलई गारगोट्यांनीच दळत, असं वाचलंय. त्या चालतील का? आकार केवढा घेऊ?

प्रतिसाद

भाऊ, चालतील, पण निवडून घ्या. आपल्या भागात काळ्या दगडात कॅल्साइट आणि झिओलाइट ही क्वार्ट्झपेक्षा मऊ खनिजंही निघतात, सावद्याकडच्या खाणी तर त्यासाठीच प्रसिद्ध आहेत. नदीत तेही पांढरेच दिसतात आणि डब्यात त्यांचं पीठ होतं. प्रत्येक खडा काचेच्या तुकड्यावर जोर देऊन ओढा. काचेवर खरा ओरखडा उठला तर क्वार्ट्झ किंवा अकीक, नाही उठला तर फेका. काळा बेसाल्टही नको, त्यात लोह असतं.

१२ ते २० मिलिमीटरचे मिसळून अर्धा डबा भरा, पावणेतीन-तीन किलो बसतील. दळायचा माल खड्यांच्या फटी भरून जेमतेम वर येईल इतकाच. वजन अल्युमिनापेक्षा कमी, म्हणून वेळ जास्त लागेल. आधी नुसत्या पाण्यात आठ तास फिरवा, वाळवून वजन करा. जेवढं घटलं तेवढी सिलिका (क्वार्ट्झ म्हणजे तीच) झिलईत जाणार, तेवढा क्वार्ट्झ कमी धरा. आणि कोरडं दळू नका भाऊ, ती धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही.

धागाकर्ता

दादा, मनापासून आभार. घरात आणून ठेवलेल्या पाटीभर खड्यांतून आत्ता काचेवर ओढून पाहिले, चाळीसपैकी अकरा बाद झाले. त्यातला एक तर नखाएवढ्या जोरानेच पापुद्रे सुटून आला. रविवारी पुन्हा नदीवर जातो. आठ तासांनंतरचं वजन इथेच कळवतो.