सूर्य खाली पश्चिमेला, मग चंद्राची उजळ बाजू वर का?

भूगोल_आठवी
शुक्ल एकादशीच्या आसपास सूर्य मावळताना चंद्र पूर्व-आग्नेयेला बराच वर आलेला असतो. त्याला प्रकाश मिळतो तो सूर्याचाच. मग उजळ बाजू पश्चिमेच्या क्षितिजाकडे, म्हणजे थोडी खाली झुकलेली हवी ना? पण ती चक्क वर, डोक्याच्या दिशेने कललेली दिसते. फळ्यावर गोल काढून हे पटवून देता येत नाही. याचं नेमकं कारण काय?

दुसरं असं की शाळेच्या वेळेत (११ ते ५, शनिवारी सकाळी ७.३० ते ११) मुलांना सूर्य आणि चंद्र एकाच वेळी दाखवायचे आहेत. कोणत्या तिथी धरू? शाळा सोलापुरात आहे. मैदान मोकळं आहे, पण दुर्बीण नाही.

तिरपी_कोर
तुम्हाला दिसतं ते बरोबरच आहे. चूक होते ती "सरळ रेषे"च्या कल्पनेत. क्षितिज सपाट दिसतं, म्हणून चंद्रापासून सूर्यापर्यंतची रेषाही त्याच्याशी समांतर जाऊन हळूहळू खाली उतरत असेल, असं मन धरून चालतं. प्रत्यक्षात आकाश आपल्याला घुमटासारखं दिसतं आणि त्या घुमटावरची सरळ रेषा कमानीसारखी असते.

कार्तिकी एकादशीचं उदाहरण घ्या, कारण तेव्हा आपल्याकडे आकाश बहुतेक स्वच्छ असतं. सूर्यास्ताला चंद्र साधारण ४० अंशांवर असतो. तिथून सूर्याकडे निघालेली रेषा आधी दक्षिणेकडे चढत ५० अंशांच्या वर जाते आणि मग पश्चिमेला उतरते. चंद्राजवळ ती चढती असते, म्हणून उजळ कडाही वर रोखलेली दिसते.

हे सुतळीने दाखवता येतं. सव्वा मीटर सुतळी घ्या, दोन्ही हात पसरा आणि ती डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर ताणून धरा. एक टोक चंद्रावर, दुसरं सूर्य मावळला त्या जागेवर. सूर्य क्षितिजाखाली गेल्यावर पाचेक मिनिटांत हे करा, आधी नको. मुलं टोक जुळवायला सूर्याकडे टक लावून बघतात, तो धोका मुळातच टाळायचा. मावळतीची जागा लक्षात राहावी म्हणून एखादा खांब किंवा झाड आधीच हेरून ठेवा. सुतळी चंद्राच्या उजळ कडेच्या बरोबर मधून निघते. ती सैल पडली की प्रयोग फसतो, कारण झोळ पडलेली दोरी सरळ रेषा राहत नाही. मोबाईलच्या पॅनोरमा फोटोवर रेघ मारून तपासू नका. त्यात क्षितिज सरळ करण्याच्या नादात बाकीच्या सरळ रेषा वाकतात आणि गोंधळ वाढतो.

तिथी_गुणिले_बारा
तिथींचं सांगतो. तिथी म्हणजे सूर्यापासून चंद्राचं कोनीय अंतर भागिले १२. अमावास्येच्या क्षणी अंतर शून्य असतं, शुक्ल अष्टमीच्या मध्यावर ९०, पौर्णिमा संपताना १८०. आकाश तासाला १५ अंश फिरतं, म्हणजे १२ अंशांना ४८ मिनिटं. एकेका तिथीमागे चंद्र सूर्याच्या ४८ मिनिटं मागे पडतो असं धरा.

शुक्ल अष्टमीचा मध्य म्हणजे साडेसात तिथी, म्हणजे ६ तास. सूर्य साडेसहाला उगवला तर चंद्र साडेबाराच्या सुमारास. एकादशीला साडेदहा तिथी धरल्या तर ८ तास २४ मिनिटं, म्हणजे उगवायला तीन वाजत येतात. ऋतूप्रमाणे यात पाऊण तासापर्यंत फरक पडतो, तेव्हा हा अंदाज आहे, मुहूर्त नव्हे.

यावरून ११ ते ५ च्या शाळेसाठी शुक्ल सप्तमी ते दशमी, दुपारी ३ नंतर पूर्वेच्या बाजूला बघा. पंचमीचा चंद्र दुपारी वरच असतो, पण कोर बारीक आणि सूर्याच्या जवळ, त्यामुळे तो सापडेपर्यंत तास संपतो. शनिवारी सकाळसाठी कृष्ण पंचमी ते दशमी, पश्चिमेकडे. पंचमीचा चंद्र दहाच्या सुमारास मावळतो, म्हणून त्या दिवशी आठलाच बाहेर या. कृष्ण अष्टमीचा बारापर्यंत टिकतो, तो सगळ्यात सोयीचा.

अंतर मुलांना हातानेच मोजू द्या. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे १० अंश, ताणलेली वीत २० अंश. अष्टमीला नऊ मुठी भरतात. चंद्र स्वतः जेमतेम अर्धा अंश. त्याच हातात धरलेला शाळूचा टपोरा दाणा त्याला जवळजवळ झाकतो! इतका लहान चंद्र मुलांना खरा वाटत नाही, म्हणून हे करूनच दाखवा.

चुन्याचा_चेंडू
वरच्या दोन्ही उत्तरांना जोड म्हणून एक प्रयोग. माझ्या मते वर्गासाठी हाच सगळ्यात पटणारा, आणि तो दिवसाउजेडी होतो.

५-६ सेंटीमीटरचा रबरी चेंडू दाट कालवलेल्या चुन्यात बुडवून वाळवा आणि सायकलच्या तारेवर खोचा. दुपारी चार-साडेचारला उन्हात उभं राहून चेंडू चंद्राच्या अगदी शेजारी दिसेल असा धरा आणि एक डोळा मिटा. चेंडूचा उजळ भाग आणि चंद्राचा उजळ भाग हुबेहूब सारखे, कलही तोच. सूर्य चंद्राच्या सुमारे ३९० पट लांब असल्यामुळे दोघांवर पडणारे किरण जवळपास समांतर असतात, म्हणून हे जुळतं. उजळ बाजू वर का, याचं उत्तर मुलांच्या हातातच येतं: चेंडूवर ऊन पडतंय हे दिसतं, आणि तरीही त्याची उजळ बाजू वरच असते.

टेबल टेनिसचा चेंडू घेऊ नका. त्यातून उजेड आरपार झिरपतो आणि उजेड-सावलीची सीमा पुसट होते. ऑइल पेंटही नको, चकाकीचा ठिपका पडून आकार बिघडतो. भिंतीच्या सावलीत उभे राहिलात तर काहीच दिसणार नाही.

भूगोल_आठवी
चेंडूचं करूनच बघतो. एक शंका राहिली. दिनदर्शिकेत अष्टमी असते, पण चंद्र अर्ध्यापेक्षा जास्त भरलेला दिसतो. असं का?

तिथी_गुणिले_बारा
दिनदर्शिकेत सूर्योदयाची तिथी छापतात. ती सकाळी नऊला संपली तरी दिवसभर अष्टमीच लिहिलेली राहते, आकाशात मात्र नवमी चालू झालेली असते. तिथीची लांबीही एकसारखी नसते, साधारण २० ते २७ तास, कारण चंद्र पृथ्वीजवळ असताना भरभर सरकतो. म्हणून तिथीची समाप्तीची वेळ बघून दिवस ठरवा.

आणि संकष्टीला चंद्रोदयाची वेळ मुंबईची छापलेली असेल तर ती तशीच घेऊ नका. सोलापूर मुंबईच्या ३ अंश पूर्वेला, म्हणजे आपल्याकडे चंद्र साधारण १२ मिनिटं आधी उगवतो. पुण्याची वेळ असेल तर ८ मिनिटं वजा करा.